पत्र्याचं वजन

टोलेडो, ओहायो
मंगळवार, १३ नोव्हेंबर १९८४

प्रिय अपोलोनिया वहिनी,

पत्राच्या माथ्यावर देवाचं नाव लिहायला मी नेहमीसारखा विसरलो. ते लिहिलंय असं तूच समजून घे. रोझालिया बरी आहे. माझ्या उजव्या कानापाठोपाठ डावाही मात्र आता पुरता गेला. अठरा वर्षं प्रेसखाली पत्रे ठोकले, त्याचा प्रसाद. तेव्हा फोन करू नकोस. रोझालिया फोन घेते आणि मला लिहून देताना निम्मं पदरचं घालते.

आता मुख्य बातमी. गसदादाची शर्यतीची गाडी पूर्ण उघडली! सप्टेंबरात तू गॅरेजचं दार उघडून 'न्या एकदाची' म्हणालीस, तेव्हापासून रोज कामावरून आलो की तिच्यापाशीच असतो. इंजिन, काचा, सीटा, वायरी, दारं, सगळं उतरवलं. चॅसीपासून बॉडी सोडवली. चॅसीच्या पोकळ पोटात कापडी थैल्या सापडल्या, मोजून अकरा. आत शिशाचे छर्रे. दादाने त्या कशाला कोंबून ठेवल्या होत्या देव जाणे. शिकारीला तर तो कधी गेला नाही. मी त्या ताडपत्रीवर वजन म्हणून ठेवल्यात, वाऱ्याने उडत नाही.

बॉडीवर अठरा वर्षांचा गंज आहे. हाताने घासून तो जायचा नाही. इथून चाळीस मैलांवर हार्लन प्रूट नावाचा एक म्हातारा आहे, त्याच्याकडे अख्खी बॉडी मावेल अशा दोन टाक्या आहेत. क्रेनने उचलायची, आधी कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत सोडायची. रंग, डांबर, पुट्टी, सगळं सुटतं. मग धुऊन दुसऱ्या टाकीत, ॲसिडमध्ये. तिथे गंज जातो. जिथे माणसाचं बोट पोचत नाही तिथे ते पाणी पोचतं. बाहेर येते ती कारखान्यातून पहिल्या दिवशी निघाली तशी, कोऱ्या पत्र्याची. मला १८ डिसेंबरची तारीख मिळाली आहे.

आणि हे सगळं कशासाठी, तर जूनमध्ये तलावाकाठच्या आपल्या त्या ट्रॅकवर जुन्या गाड्यांचा दिवस आहे. गेलेल्या गसदादाच्या नावाने मी पाच फेऱ्या मारणार, आणि सावकाश नाही मारणार. शेजारी आमची लुसीना बसणार. पोरगी एकोणीस वर्षांची झाली, पण हट्ट सहा वर्षांचा. 'काका जिच्यात जिंकले तिच्यातच बसणार,' म्हणते.

सहासष्ट सालचा एखादा फोटो असेल तर पाठव. ४१ आकड्याचा पिवळा नक्की कोणता होता, यावरून माझं आणि रोझालियाचं वाजलंय.

तुझा
झिग्मुंट


हॅमट्रॅमिक, मिशिगन
शनिवार, १७ नोव्हेंबर

प्रिय झिग्मुंट भाऊजी,

प्रभू येशूची स्तुती असो.

पत्र चर्चच्या पत्रकाच्या पाठीवर लिहिते आहे, राग मानू नका. कोरी बाजू टाकून द्यायला जिवावर येतं.

फोटो सोबत आहे. पिवळा अंड्यातल्या बलकासारखा होता, लिंबासारखा नव्हे. रोझालियाला सांगा, ती जिंकली.

भाऊजी, त्या टाकीचं मात्र मनावर घेऊ नका. मी शिकलेली मॅट्रिकपर्यंत, पण यांच्याबरोबर एकतीस वर्षं काढली, पत्र्याचं चार गोष्टींचं ज्ञान कानावर पडलंच. ॲसिड दोन पत्र्यांच्या सांध्यात जाऊन बसतं. वरून कितीही धुवा, ते आत राहतं. वर्षभराने नव्या रंगाखालून फोड येऊन बाहेर पडतं. आमच्या शेजारच्या लिबेराच्या नवऱ्याने पिकअपची दारं बुडवून आणली होती, पुढच्या ईस्टरला ती पिठल्यासारखी बुडबुडत होती.

तुमच्या हातात ताकद आहे, हिवाळा लांबलचक आहे. काचकागद घ्या आणि घासा. छप्पर तर मुळीच उघडं करू नका. ते वरवर बरं आहे ना? मग वरच्या वर रंग मारा. आणि गाडी अंगणात ठेवा, लोकांना बघू द्या. फेऱ्या कशाला? तुमचं वय अठ्ठेचाळीस. लुसीनाला तर बसवूच नका.

त्या थैल्या फेकून द्या. काही कामाच्या नाहीत.

तुमच्यासाठी वाळवलेल्या अळंब्यांची एक माळ ठेवली आहे. आमचा बेनेडिक्ट तिकडे आला की पाठवीन.

तुमची वहिनी
अपोलोनिया


टोलेडो
बुधवार, २१ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र मी रोझालियाला वाचून दाखवलं. ती हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. म्हणाली, 'तुमची वहिनी पावाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालते. तिला अख्खी गाडी धुवायची म्हटल्यावर पाण्याचंच वाईट वाटलं असणार!'

वहिनी, खर्च माझा आहे. तू झोप सुखाने.

सांध्यातल्या ॲसिडचं मी प्रूटला विचारलं. पाटीवर लिहून विचारलं, त्याने पाटीवर लिहून उत्तर दिलं, आम्ही दोघे शाळेतल्या पोरांसारखे. तो म्हणतो, हे खरं आहे, पण आळशी माणसाच्या टाकीत. तो ॲसिडनंतर बॉडी पुन्हा सोड्याच्या पाण्यात घालतो, वाफ मारतो, वेगवेगळ्या बाजूंनी टांगून निथळतो. लिबेराच्या नवऱ्याने दारं कुठे बुडवली होती? विहिरीत?

आणि छप्पर उघडं करू नका म्हणजे काय? बॉडी बुडवताना छप्पर टोपीसारखं काढून खुंटीला अडकवू?

फेऱ्यांचं म्हणशील तर एक गोष्ट तुला सांगतो. दादालाही कधी सांगितली नव्हती. सहासष्टच्या त्या शेवटच्या फेरीत तिसऱ्या वळणापर्यंत मी आणि तो खांद्याला खांदा लावून होतो. वळणात माझी गाडी बाहेरच्या भिंतीकडे कलायला लागली. मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. दादाने नाही उचलला. तो दोन चाकांच्या अंतराने जिंकला. त्या दिवशी दक्षिणेकडचा तो मोठा गाडीमालक आला होता, आपल्या गाडीसाठी दोघांतला एक चालक निवडायला. त्याने दादाचा हात हातात घेतला. माझ्याकडे बघून नुसती टोपी हलवली.

दोन्ही गाड्या सारख्या होत्या, वहिनी. एकाच साली बनलेल्या, एकाच वजनाच्या, काट्यावर तोलून ट्रॅकवर सोडलेल्या. फरक होता तो पायात. म्हणून मी गाडी विकली आणि इथे सासऱ्यांच्या गावी येऊन प्रेसवर लागलो. घाबरट पायाने शर्यत लावू नये.

आता एकदा, फक्त एकदा, मला त्या वळणात त्याच्या गाडीतून जायचंय आणि पाय उचलायचा नाहीये. एवढंच.

उद्या टर्की आहे. तुझी आठवण काढू.

झिग्मुंट


हॅमट्रॅमिक
सोमवार, २६ नोव्हेंबर

प्रिय झिग्मुंट भाऊजी,

प्रभू येशूची स्तुती असो.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पाय उचलल्याचं तुम्ही कधी बोलला नाहीत. माझ्याच स्वयंपाकघरात बसून तुम्ही गाडी विकल्याचं सांगितलं होतं, 'कंटाळा आला' म्हणाला होतात. मी तुमच्या ताटात बटाटा भरलेल्या आणखी दोन पिरोगी वाढल्या होत्या. अजून आठवतं.

भाऊजी, तुम्ही भित्रे नाही. लहानपणी यांच्यापेक्षा आधी बर्फावर तुम्हीच उतरायचात, मी खिडकीतून ओरडत राहायची.

मी आता जास्त काही म्हणत नाही. हसा मला खुशाल. फक्त एक ऐका. बॉडी टाकीत सोडण्याआधी तिचं वजन करा. क्रेनला काटा असतो, नाहीतर कोळशाच्या वखारीत असतो. किती भरतं ते मला कळवा. आणि प्रूटला विचारा की त्या सालच्या, दोन दारांच्या कोऱ्या बॉडीचं वजन किती असतं.

का म्हणून विचारू नका. वजन केल्याशिवाय ॲसिडमध्ये घालू नका, एवढं माझ्या गळ्याची शपथ समजा.

मी रोज तुमच्या आणि लुसीनाच्या नावाने जपमाळ ओढते आहे.

अपोलोनिया


टोलेडो
शुक्रवार, ३० नोव्हेंबर

वहिनी,

आता हे काय नवीन? वजन करा? ती गाडी आहे की नाताळचं डुक्कर?

हे पत्र मी रागात लिहितोय, आधीच सांगतो. रोझालिया म्हणते, या बाईला गाडी परत हवी आहे. मी म्हटलं, छे, वहिनी तशी नाही. पण तुझी दोन्ही पत्रं एकापुढे एक ठेवली की काय दिसतं? आधी बुडवू नका. मग छप्पर उघडं करू नका. मग चालवू नका. मग तोला. तोलून काय, भंगारवाल्याला विचारणार आहेस? बेनेडिक्टला हवी आहे का गाडी? त्याने तुला लिहायला लावलं का? तसं असेल तर सरळ सांग. बाप त्याचा होता, मी नाही म्हणणार नाही. पण आडून आडून नको. तू मला चौदाव्या वर्षापासून जेवू घातलंस. माझ्याशी तुला आडपडदा लागावा?

दुसरं. प्रूटचा निरोप आला. थंडी वाढली म्हणून तो टाक्या लवकर बंद करतोय. माझी तारीख अलीकडे आणली. १० डिसेंबर, सोमवार, सकाळी कॉस्टिक, दुसऱ्या दिवशी ॲसिड. मी हो म्हटलं.

काही सांगायचं असेल तर त्याआधी सांग. नसेल तर प्रार्थना कर, ती तुला जमते.

झिग्मुंट


हॅमट्रॅमिक
शनिवार, ८ डिसेंबर
पवित्र मारियेचा सण

प्रिय झिग्मुंट भाऊजी,

प्रभू येशूची स्तुती असो.

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. मंगळवारपासून आजपर्यंत मी चार पत्रं लिहून चुलीत घातली. गुरुवारी फोन केला. रोझालियाने घेतला. ती म्हणाली, 'बोला ना, मी सांगते त्यांना.' आता तिला काय सांगू? मी कोबीच्या लोणच्याबद्दल विचारलं. वीस मिनिटं आम्ही कोबीवर बोललो. 

काल संध्याकाळी फादर बोनाव्हेंचरांपाशी पापनिवेदन केलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, 'ज्याचं घेतलं तो जिवंत आहे ना?' मी म्हटलं, आहे. 'मग माझ्याकडे काय आलीस? पोस्टात जा.' आज सणाची मिस्सा झाली, तशी कोट न काढता लिहायला बसले आहे. दुपारी पेटी उघडायच्या आत हे पडलं पाहिजे. सोमवारच्या आधी तुम्हाला मिळायचं नाही, हे मला कळतं. तरी लिहिते.

भाऊजी, दोन्ही गाड्या सारख्या नव्हत्या.

ती बॉडी एकदा ॲसिडमधून निघालेली आहे. सहासष्टच्या मार्चमध्ये. यांचा एक मित्र मुलामा चढवायच्या कारखान्यात होता, तो आता देवाघरी आहे. रविवारी कारखाना बंद असताना दोघांनी नुसती बॉडी तिथल्या टाकीत सोडली. गंज काढायला नव्हे, गंज नव्हताच. पत्रा झिजवायला. दर दहा मिनिटांनी वर काढून बोटाने दाबून बघायचे, पुन्हा सोडायचे. नेण्याआधी आणि आणल्यावर वखारीच्या काट्यावर तोलली. आकडे मी स्वयंपाकघरातल्या वहीत लिहिले, कारण हे मला म्हणाले, 'पोला, तुझ्या वहीत कोणी बघत नाही.' आधी सातशे चाळीस पौंड. नंतर सहाशे पाच.

ट्रॅकवर गाडीचं एकूण वजन भरायला हवं. वरचं एकशे पस्तीस गेलं, ते खाली घालायचं होतं. वर हलकी, बुडाशी जड, मग ती वळणात कलंडत नाही. त्या थैल्या मी शिवल्या, भाऊजी. पिठाच्या पोत्याच्या कापडाच्या. प्रत्येकीत बारा पौंड शिसं. अकरा थैल्यांचं एकशे बत्तीस झालं, कापड संपलं. मी म्हटलं, तीन पौंड कमी पडतात. हे हसले आणि म्हणाले, 'ते तीन देवाला.' मीही हसले. हे मला सगळ्यात जास्त टोचतं.

मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. शिवताना विचारलं होतं, 'झिग्मुंटला सांगितलंत?' ते म्हणाले, 'जिंकल्यावर सांगतो, दोघे मिळून हसू.' जिंकल्यावर तो गाडीमालक आला. मग कसं सांगणार? तिकडे दक्षिणेला गेले आणि चार महिन्यांत परतले, तुम्हाला म्हणाले घरची आठवण येते. आठवण कसली, तिथल्या गाड्या खऱ्या वजनाच्या होत्या. त्यांना जमलं नाही. तोवर तुम्ही टोलेडोला निघून गेला होता.

सदुसष्टच्या वसंतात ते एकटेच सरावाला गेले आणि गाडी कलंडली. जोरात नाही, गवतावर, आडवी. छप्पर त्यांच्या कानापर्यंत खाली आलं. लाकडी ओंडक्याने आतून रेटून वर केलं, वरून पुट्टी थापली आणि गाडी गॅरेजात ढकलली. पुन्हा बाहेर काढली नाही. ते छप्पर वरून बरं दिसतं, ती पुट्टी आहे. छपराचे खांब आतून पोकळ झालेत. त्यात तुम्ही लुसीनाला बसवणार, आणि वळणात पाय उचलणार नाही म्हणता. पुन्हा ॲसिडमधून काढलीत तर उरेल काय?

सप्टेंबरात तुम्ही गाडी मागितलीत तेव्हाच बोलायला हवं होतं. मला वाटलं, अंगणात उभी करतील, पुसतील, मन रमेल. मेलेल्या माणसाचं नाव राहील. यांचं नाव राखताना तुमचा पाय मी अठरा वर्षं लुळा ठेवला, हे तुमच्या पत्रातून पहिल्यांदा कळलं. ते कळल्यावरही मी वजनाचंच बोलत राहिले. काटाच सांगेल, मला तोंड उघडावं लागणार नाही, असा हिशेब केला. तो खोटा हिशेब होता.

दर वर्षी आजच्या दिवशी मी तुम्हाला पाकिटातून नाताळची पापडी पाठवते, माझा कोपरा मोडून, म्हणजे एकमेकांत वाटून खाल्ली आणि वर्षाचं झालंगेलं माफ केलं असं होतं. या वर्षी पाठवत नाही. चूक केली त्याने आधी पापडी मोडू नये. पाठवायची तर तुम्ही पाठवा. नाही पाठवलीत तरी मला कारण विचारायचा हक्क नाही.

चषक कपाटावर आहे. तो तुमचा. म्हणाल तेव्हा पाठवते.

अपोलोनिया


टोलेडो
सोमवार, १० डिसेंबर

श्रीमती अपोलोनिया कोस्माला यांस,

आज सकाळी बॉडी कॉस्टिकच्या टाकीत सोडली. दुपारी तीन वाजता क्रेनने वर काढली, पाणी मारलं. छपरावरची पुट्टी पावाच्या लाद्यांसारखी सुटून खाली पडली होती. खाली खड्डा होता, आतून ठोकून वर काढलेला, आणि त्याभोवती पत्र्याला सुरकुत्या.

प्रूटने छपरावर अंगठा ठेवून दाबलं. आत गेलं. सोडलं, बाहेर आलं. डब्याच्या झाकणासारखं. मला आवाज आला नाही, पण हाताला कळलं. त्याने दाराच्या चौकटीच्या कडेवरून नख फिरवलं, बराच वेळ बघितलं, मग पाटीवर लिहिलं, 'ही पोरगी इथे येण्याआधी कुणाच्या तरी ॲसिडमध्ये न्हाऊन आलेली आहे. हिला पुन्हा घालणार नाही. तुम्ही सांगितलंत तरी नाही.'

तेव्हा मला तुमची शपथ आठवली. मी त्याला म्हटलं, काट्याला लावा. सहाशे पाच पौंड. प्रूटच्या वहीत त्याच सालच्या, तशाच दोन बॉड्यांची नोंद आहे. दोन्ही सातशे चाळीसच्या आसपास.

घरी आलो. ताडपत्रीवरच्या थैल्या उचलून आमच्या काट्यावर ठेवल्या. एकशे बत्तीस. तीन पौंडांचा मेळ लागत नाही, बाकी सगळ्याचा लागतो. मग चष्मा लावून थैल्या बघितल्या. दुहेरी टीप, शेवटी उलटा टाका घालून गाठ आत दाबलेली. चौदाव्या वर्षापासून माझ्या शर्टांच्या कॉलरना हीच शिवण होती. महिनाभर त्या थैल्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या.

मी बहिरा आहे, मूर्ख नाही.

एकच विचारतो. तुम्हाला माहीत होतं का? हो की नाही, एका शब्दात कळवा. देवाधर्माचं काही लिहू नका.

झिग्मुंट कोस्माला


हॅमट्रॅमिक
बुधवार, १२ डिसेंबर

भाऊजी,

हो.

अपोलोनिया


टोलेडो
शुक्रवार, १४ डिसेंबर

वहिनी,

तुझा 'हो' आज आला. पण त्याआधी बुधवारी तुझं लांब पत्र आलं होतं. रोझालियाने ते माझ्या ताटाशेजारी आणून ठेवलं. मी फोडलं नाही. मला वाटलं, माझ्या सोमवारच्या पत्राला इतक्यात उत्तर कसं आलं? म्हणून पाकीट उलटंपालटं केलं. वरचा शिक्का ८ तारखेचा. मी टाकीवर गेलो १० तारखेला.

तो शिक्का मी भिंगाखाली धरून बघितला, वहिनी. मला आठच्या जागी दुसरा आकडा नको होता.

तो आकडा दहा असता, तर हे पत्र तुला आलं नसतं. रोझालियाला मी तसं बोलूनही दाखवलं होतं. मग फोडलं आणि वाचलं. 'ते तीन देवाला.' ते तीन पौंड मी सोमवारपासून शोधत होतो. काटा चुकला असेल म्हणून पिठाची पिशवी ठेवून काटा तपासला होता. मला हसू आलं, आणि हसू आल्याचाच राग आला, मी ताट सरकवून उठलो. रोझालिया म्हणाली, 'आता मेलेल्या माणसावर ओरडायचं असेल तर गॅरेजात जा, शेजारी झोपलेत.' गेलो. ओरडलो. स्वतःला ऐकू येत नाही, त्यामुळे किती ओरडलो ते शेजाऱ्यांना विचार.

मी दादाला माफ केलेलं नाही. तुलाही केलं आहे असं लिहिलं तर खोटं होईल. अठरा वर्षं मी माझ्या उजव्या पायाला शिव्या दिल्या. चर्चमध्ये गुडघे टेकतानासुद्धा तो पाय मी मागे ठेवायचो. काल प्रूटकडे गेलो आणि त्याला ते वळण पाटीवर काढून दाखवलं. वेग सांगितला, वजन सांगितलं. त्याने बराच हिशेब केला आणि लिहिलं, 'पूर्ण वजनाची गाडी, या वेगाने, इथे? ज्याने पाय उचलला तो शहाणा. उचलला नसता तर भिंतीत असता.' ती पाटी मी मागून घेतली. पुसणार नाही.

बॉडीला प्रूटने तेल लावून दिलं. ती आता माझ्या गॅरेजात उभी आहे, उघड्या पत्र्याची, दादाची सगळी ठोकाठोक अंगावर दिसतेय. लुसीनाने छपरावर एक बोट टेकवलं आणि लगेच काढून घेतलं. म्हणाली, 'बाबा, आपण यात बसणार होतो?'  गाडी ट्रॅकवर जाणार नाही. रंगवायची की नाही ते मी ठरवलेलं नाही.

चषक पाठवू नकोस. मला तो नको, आणि बेनेडिक्टच्या मुलांना तो का काढला हे सांगायची पाळी तुझ्यावर नको.

सोबत पापडी आहे. नीट बघ. कोपरा मोडलेला नाही. चार वेळा बोटांत धरली, मोडवली नाही, म्हणून अख्खीच पाठवतोय. ती मोडू नकोस, खाऊ नकोस. नाताळच्या आदल्या संध्याकाळी अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी टेबलावर एक ताट रिकामं मांडतात, तसं आम्हीही मांडू. ती पापडी घेऊन ये. मोडायची की नाही ते समोरासमोर बघू.

लुसीना दुपारी बसच्या थांब्यावर तुला घ्यायला येईल. अळंब्या आण. आणि तुझी शिवणाची कात्री आण. त्या अकरा थैल्या मी उसवलेल्या नाहीत. त्या तू उसवायच्या आहेत, इथे, माझ्यासमोर बसून.

झिग्मुंट